गावच्या घरापुरता एफएम लावायचाय, सात वॅटचं मशीन घेऊ का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत परत सांगतो, म्हणजे भलत्याच गोष्टीचं उत्तर द्यायला नको. तुम्ही राहता ऐरोलीला, गावचं घर मुरबाडच्या पुढे टोकावड्याकडे, तिथे आजी-आजोबा, साधारण एकराचं आवार, मधोमध घर, एका अंगाला गोठा, मागे खळं आणि आंब्याची झाडं. आजोबांना संध्याकाळी हरिपाठ आणि नाट्यगीतं लागतात, मोबाईल त्यांना जमत नाही पण रेडिओचं बटण डोळे मिटून फिरवतात. म्हणून पेनड्राइव्हवरचं नाहीतर मोबाईलमधलं घरातून एफएमवर सोडायचं आणि ओटीवर, गोठ्यात, खळ्यात जिथे रेडिओ असेल तिथे ऐकू यायला पाहिजे. त्यासाठी ऑनलाइन सात वॅटचं ट्रान्समीटर बघून ठेवलंय, एक किलोमीटर गेलं तर शेजारच्या वाडीलाही हरिपाठ ऐकू येईल म्हणताय. घेऊ का?

नका घेऊ. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

मी कळव्याचा, तीसेक वर्षं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्ती आणि साउंडची कामं करतोय, शहापूर-मुरबाड पट्ट्यात देवळं, शाळा, फार्महाउस असं बरंच वायरिंग केलंय, हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेखातर वायरलेस चालवायचं, लायसन्स पण आहे. (हॅमचं लायसन्स असलं तरी 88 ते 108 मेगाहर्ट्झवर, म्हणजे एफएमच्या पट्टीत, गाणी सोडता येत नाहीत बरं का, तो बँड हॅमवाल्यांचा नाहीच आणि हॅमला ब्रॉडकास्टिंगची परवानगी पण नसते. हे आधीच सांगतो कारण दर दुसरा माणूस हेच विचारतो.)

सगळ्यात पहिलं, आजोबांचा रेडिओ कुठला? तुम्ही लिहिलंय "जुना मर्फी, लाकडी पेटीवाला". मग त्यावर एफएम असण्याची शक्यता फारच कमी आहे. आपल्याकडे एफएम पहिल्यांदा सुरू झालं 1977 ला मद्रासला, आणि घराघरात पोचलं ते नव्वदच्या दशकात. लाकडी पेटीच्या जमान्यातल्या सेटवर मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह एवढंच असायचं. काचेच्या पट्टीवर 88, 92, 96 असे आकडे दिसतायत का बघा, 550 ते 1600 आणि खाली मीटरमध्ये 19, 25, 31 असलं काही दिसत असेल तर तुम्ही सात काय सातशे वॅट सोडलेत तरी त्या पेटीतून एक ओळ ऐकू येणार नाही. मागच्या वर्षी एकाने माझ्याकडे अख्खा ट्रान्समीटर घेऊन येऊन "साहेब चालत नाही" म्हणून ठेवला, ट्रान्समीटर अगदी ठणठणीत, घरचा रेडिओच मीडियम वेव्हचा.

पण त्या पेटीसाठी दुसरा रस्ता आहे आणि तो जास्त छान आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या बऱ्याच सेटला मागे ग्रामोफोनची पिन लावायला दोन भोकं असतात, पिकअप किंवा ग्राम असं लिहिलेलं असतं, समोरच्या बँडच्या बटणाला पण कधीकधी तशी एक पोझिशन असते. तिथे मोबाईलचा आवाज दिला की तोच जुना घोगरा गोड आवाज, तोच स्पीकर, आणि रेंजची भानगडच नाही. फक्त एक मोठा धोका आहे आणि तो नीट वाचा. काही सेट असे असतात की त्यांच्यात ट्रान्सफॉर्मरच नसतो, मेनची एक वायर सरळ चासीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला. प्लग उलटा लागला की अख्खी चासी 230 व्होल्टवर, आणि तुम्ही लावलेली मोबाईलची पिन पण तेवढ्यावरच. अशा सेटला ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (वीज तोडून फक्त आवाज पुढे देणारा) टाकल्याशिवाय काहीही जोडायचं नाही, आणि हे काम जुने सेट हाताळलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

आता धरून चालू की गोठ्यासाठी आणि खळ्यासाठी तुम्ही साधे एफएमवाले छोटे रेडिओ आणणार. मग रेंज.

लोकांची सवय अशी की आधी वॅट विचारायचे. तुम्ही आधी टेप घ्या. एक एकर म्हणजे 40 गुंठे, 4047 चौरस मीटर, जागा चौकोनी धरली तर एक बाजू 64 मीटर. घर मधोमध, म्हणजे घरापासून सगळ्यात लांबचा कोपरा 45 मीटर. संपला विषय. तुम्हाला एक किलोमीटर नकोय, तुम्हाला 45 मीटर पाहिजेत.

तुम्ही जे अमेरिकन व्हिडिओ बघितलेत ना "विनालायसन्स एफएम" वाले, त्यांच्याकडे नियम असा आहे की ट्रान्समीटरपासून 3 मीटरवर सिग्नल 250 मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या वर जाता कामा नये. याचे वॅट काढले तर साधारण 19 नॅनोवॅट येतात. नॅनो म्हणजे एका वॅटचे शंभर कोटी तुकडे करा आणि त्यातले 19 घ्या. युरोपात 50 नॅनोवॅट चालतात, म्हणजे तेही त्याच गल्लीत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल अर्धा होतो, त्या हिशोबाने 3 मीटरवरचे 250 हे 45 मीटरवर साधारण 17 राहतात, आणि बऱ्यापैकी साधा रेडिओ तेवढ्यावर उघड्या जागी मोनोमध्ये ऐकू येतो, थोडी खरखर धरून. म्हणजे त्या लोकांनी जी सगळ्यात छोटी सूट दिलीय तीच तुमच्या एकराला जेमतेम पुरते. आणि तुमचं सात वॅटचं मशीन त्याच्या 37 कोटी पट. आकडा चुकलेला नाही, मी दोनदा केला.

आणि सात वॅट कुठपर्यंत जाईल? अँटेना कौलावर सहा मीटर उंचीला बांधली तर रेडिओचं क्षितिजच दहा किलोमीटरवर येतं, मध्ये डोंगर नसेल तिथपर्यंत आरामात. टोकावडं, आजूबाजूच्या वाड्या, माळशेजला जाणारा हायवे, त्या हायवेवरच्या प्रत्येक गाडीच्या डेकवर तुमचा हरिपाठ. हरिपाठाला माझी ना नाही, पण तुम्हाला वाटेल आपण शेजारच्या वाडीची सोय केली आणि प्रत्यक्षात तुम्ही विनापरवाना रेडिओ स्टेशन टाकलेलं असतं.

कायद्याचं एकदाच सांगतो. आपल्याकडे 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात लायसन्सशिवाय नुसतं ट्रान्समीटर बाळगणं हाच गुन्हा धरला होता, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. आता त्याच्या आणि 1885 च्या टेलिग्राफ कायद्याच्या जागी 2023 चा टेलिकम्युनिकेशन्स कायदा टप्प्याटप्प्याने आला, पण मूळ गोष्ट तीच, हवेत सोडायचं तर परवानगी. अमेरिकेची 250 वाली सूट अमेरिकेत, ती व्हिडिओबरोबर इकडे येत नाही. "मग गाडीत लावायचे छोटे एफएम ट्रान्समीटर ठाणे स्टेशनबाहेर कसे मिळतात" असं विचाराल. मिळतात. दुकानात मिळतं म्हणजे चालतं असं नसतं, एवढंच म्हणतो. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूरला राघव महतो नावाच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या तरुणाने घरगुती सामानातून एफएम चालवला होता, गावात तुफान लोकप्रिय, गाणी, गावातल्या बातम्या, हरवलं-सापडलं सगळं. जगभर बातमी झाली, आणि 2006 ला त्याला तो बंद करावा लागला. हेतू चांगला होता म्हणून कोणी सोडलं नाही.

वाडीला खरंच ऐकवायचं असेल तर सरळ मार्ग कम्युनिटी रेडिओचा आहे. तो एकट्या माणसाला मिळत नाही, शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र, किंवा किमान तीन वर्षं जुनी नोंदणी असलेली संस्था पाहिजे, आणि त्यात 100 वॅटपर्यंत इफेक्टिव्ह पॉवर मिळते. आपल्याच महाराष्ट्रात साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग त्याच पद्धतीने चालतो. पण तो उद्योग आहे, दोन-चार पूर्णवेळ माणसांचं काम आहे, आजोबांच्या संध्याकाळीसाठी नाही.

आता मी कायदा सोडून खरं कारण सांगतो, कारण कायद्याला लोक घाबरत नाहीत, "गावात कोण येतंय बघायला" म्हणतात. ती सात वॅटची स्वस्त मशीनं घाण असतात. शहापूरजवळ एका फार्महाउसवर साउंडचं काम होतं, मालकाने असंच एक आणून गच्चीवर लावलेलं, डिस्प्लेवर मस्त 106.0 दिसतंय. माझ्याकडे लॅपटॉपला लावायचा आरटीएल-एसडीआर डोंगल असतो, हवेतले सिग्नल पडद्यावर आलेखासारखे दाखवणारा, तो लावून बघितलं तर 106 ला खांब आहेच, 212 ला त्याचा दुसरा खांब, आणि 106 च्या दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या अंतरावर पिल्लं, त्यातली वरच्या बाजूची पिल्लं 108 च्या पलीकडे. 108 च्या पलीकडे काय असतं माहितीये ना? विमानं. 108 पासून पुढे विमानांना धावपट्टीची दिशा दाखवणारे सिग्नल, आणि 118 पासून पायलट-टॉवरचं बोलणं. आपल्या डोक्यावरून मुंबईला उतरणारी विमानं जातात, आता नवी मुंबईचं विमानतळही आलंय. चांगल्या ट्रान्समीटरमध्ये ही घाण अडवायला लो-पास फिल्टर असतो, दोन-तीन कॉइल आणि चार कपॅसिटर, पन्नास रुपयांचं सामान, आणि स्वस्त मशीनमध्ये नेमकं तेच वाचवलेलं असतं. मी त्यांना ते तिथल्या तिथे काढायला लावलं, जरा वाजलं आमचं, पेमेंटही उशिरा आलं.

मी स्वतः पण काही धुतल्या तांदळासारखा नाही. कॉलेजात असताना लॅमिंग्टन रोडवरून बीएफ 494 ट्रान्झिस्टर आणि कंडेन्सर माइक आणून एका ट्रान्झिस्टरचा एफएम माइक बनवला होता, तेव्हा सगळेच बनवायचे, पेनच्या रिफिलवर तांब्याची तार चार-पाच वेढे गुंडाळायची, एक ट्रिमर, नऊ व्होल्टची बॅटरी, झालं. चाळीच्या गच्चीवर नेऊन "हॅलो हॅलो" करायचो आणि मित्र खाली रस्त्यावर रेडिओ घेऊन. त्या सर्किटला स्वतःची फ्रिक्वेन्सी अशी नसतेच, हात जवळ नेला की सरकते, बॅटरी उतरली की सरकते, ऊन पडलं की सरकते. एका रविवारी दुपारी ते सरकत सरकत समोरच्या काकूंच्या केबल टीव्हीच्या चॅनेलवर जाऊन बसलं, केबलचे जॉइंट तेव्हा नुसते पीळ मारून टेप लावलेले, त्यातून आत शिरलं, आणि ऐन पिक्चरमध्ये पडद्यावर माशाच्या काट्यासारख्या रेघा. केबलवाला दोन तास खांब चढत होता. मी बॅटरी काढल्यावर रेघा गेल्या, आणि आमच्या बाबांना का कोण जाणे लगेच कळलं.

म्हणून माझं म्हणणं असं की तुम्ही रेंज वाढवायच्या मागे लागलाय ते उलटं आहे, सगळं कौशल्य सिग्नल कुंपणाच्या आत ठेवण्यात आहे. आणि कुंपणात ठेवायचा सगळ्यात पक्का उपाय म्हणजे त्याला हवेत सोडायचाच नाही, केबलमध्ये ठेवायचा.

मी गिऱ्हाइकांना हेच करून देतो. बाजारात केटी 0803 किंवा क्यूएन 8027 चिपचे छोटे बोर्ड मिळतात, काड्यापेटीएवढे. यांच्यात पीएलएल असतं म्हणजे क्रिस्टलवर फ्रिक्वेन्सी घट्ट बांधलेली, माझ्या गच्चीवरच्या प्रतापासारखी सरकत नाही. बोर्डावर अँटेनाची एक जागा आणि ग्राउंडची एक जागा असते. तिथे अँटेनाची तार लावायची नाही, तिथे डिश-केबलवाले वापरतात ती आरजी 6 कोअॅक्स लावायची, मधली तार अँटेनाला, जाळी ग्राउंडला. बोर्ड बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बंद करायचा आणि जाळी डब्याला जोडायची, नाहीतर बोर्ड स्वतःच हवेत सोडायला लागतो. डब्यातून निघालेली केबल स्प्लिटरला, स्प्लिटरमधून एक ओटीवर, एक गोठ्यात, एक खळ्याकडे. आरजी 6 मध्ये 100 मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सहा-सात डीबी (सिग्नलची घट मोजायचं माप) जातात, तुमच्या तीस-चाळीस मीटरला दोन-तीन डीबी, काहीच नाही. दोन तोंडांच्या स्प्लिटरला साडेतीन डीबीच्या आसपास. जे तोंड रिकामं राहील त्याला 75 ओहमचा टर्मिनेटर (तोंड बंद करणारी टोपी) लावून टाका.

मग रेडिओला जोडायचं कसं, त्याला तर सॉकेट नसतो, नुसती ओढायची दांडी. केबलच्या टोकाला जाळी आणि फोम सोलून मधली तार बोटभर उघडी ठेवा आणि ती दांडीच्या बाजूला, चिकटवून नाही नुसती शेजारी, खिळ्याला अडकवा. दोन-तीन फुटात रेडिओ ती पकडतो, आणि चार पावलं गेलात की गायब. दांडी पूर्ण बंद ठेवली तरी चालतं. हे करताना सिग्नल जास्त वाटला, रेडिओ गुदमरल्यासारखा वाजायला लागला, तर डब्यातून निघतानाच टीव्हीवाल्यांचा दहा-वीस डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) टाका. कुंपणाबाहेर रस्त्यावर उभं राहून मोबाईलमधला नाहीतर छोटा रेडिओ लावून बघा. तिथे तुमचा हरिपाठ ऐकू यायला नको. आला तर कुठेतरी जॉइंट उघडा आहे.

फ्रिक्वेन्सी निवडायला घाई करू नका. मुंबईची मोठी स्टेशनं 91.1, 92.7, 93.5, 98.3, 100.7, 107.1 अशी पसरलीयत, तुमच्याकडे डोंगराआड त्यातली काही नीट येत नसतील, पण "इथे येत नाही म्हणजे रिकामं" असं धरू नका. सकाळी, दुपारी, रात्री अशी तीनदा पट्टी फिरवून बघा, कारण रात्री आणि पावसाळ्याआधीच्या दमट दिवसांत लांबची स्टेशनं अचानक यायला लागतात. एफएमचा स्वभाव असा की दोन सिग्नल एकाच जागी असले की जो बळकट तोच ऐकू येतो, दुसरा दबून जातो, मीडियम वेव्हसारखी दोघांची मिसळ होत नाही. म्हणून केबलच्या टोकाशी तुम्हीच जिंकाल, पण थोडं लांब ठेवलंत तर रेडिओ मधूनच दुसरीकडे पलटी मारेल आणि आजोबांना हरिपाठाच्या मध्ये टूथपेस्टची जाहिरात ऐकू येईल.

आवाजाचं. मोबाईलचा व्हॉल्यूम पूर्ण वर नेऊन बोर्डाला देऊ नका. एफएममध्ये आवाज जितका मोठा तितकी फ्रिक्वेन्सी इकडून तिकडे जास्त हलते, ठरलेली मर्यादा 75 किलोहर्ट्झ इकडे आणि 75 तिकडे, त्याच्यापुढे गेलं की टाळ फाटतात, "विठ्ठल" मधला ठ्ठ तडतडतो. सत्तर टक्क्यांवर ठेवा आणि रेडिओचा आवाज वाढवा. शिवाय बोर्डात प्री-एम्फसिसचं, म्हणजे बारीक-तीक्ष्ण स्वर सोडतानाच किती वाढवायचे त्याचं, सेटिंग असतं, 50 आणि 75 मायक्रोसेकंद. अमेरिकेत 75, आपल्याकडे 50. बरेच बोर्ड 75 वर येतात आणि लोक म्हणतात आवाज चिरका आहे, झांजा कानात टोचतायत. सेटिंग बदललं की झालं. आणि स्टिरिओ बंद करून मोनो सोडा, आजोबांच्या रेडिओला एकच स्पीकर आहे, स्टिरिओने फक्त खरखर वाढते, दुबळ्या सिग्नलला तर वीसेक डीबीचा फरक पडतो म्हणजे चेष्टा नाही.

खरखरीवरून आठवलं. गावच्या घरात खरखर बहुतेक वेळा सिग्नलची नसतेच. मोबाईलचा साठ रुपयांचा चार्जर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, आणि शेतावर रानडुकरांसाठी झटका मशीन लावलं असेल तर ते, दर सेकंदाला एक टक. मीडियम वेव्हवर तर झटका मशीन घड्याळासारखं ऐकू येतं. बोर्डाला सप्लाय पॉवर बँकेवरून द्या, चार्जर आणि ऑडिओची पिन एकाच मोबाईलला लावली की ग्राउंड लूपची (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याची) हूं हूं येते ती पण जाते. आणि तुमच्याकडे लाइट जाते-येते ते वेगळंच, पॉवर बँकेवर आजोबांचा कार्यक्रम मध्येच तुटत नाही.

गोठ्याबद्दल एक वेगळं सुचवतो. गोठ्यात रेडिओ ठेवणारच कशाला, धूळ, शेण, उंदीर, दमट हवा, दोन पावसाळ्यांत रेडिओ जातो. तिथे सरळ स्पीकर लावा, 100 व्होल्ट लाइनवर. देवळात, शाळेत, रेल्वे स्टेशनवर असतो तोच प्रकार. साध्या आठ ओहमच्या स्पीकरला शंभर मीटर बारीक वायर टाकली तर निम्मी ताकद वायरच खाते. अँप्लिफायरच्या 100 व्होल्टच्या टॅपवरून दिलं आणि स्पीकरवर छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर बसवला की दहा वॅटचा स्पीकर लाइनला हजार ओहमसारखा दिसतो, करंट फक्त शंभर मिलीअँपिअर, बारीक वायरीवर आरामात जातं, आणि एकाच लाइनवर गोठा, खळं, मागची पडवी तीन स्पीकर तीन वेगवेगळ्या आवाजांना लावता येतात. फक्त ती लाइन 100 व्होल्ट आहे हे विसरू नका, "स्पीकरची वायर आहे, काय होतंय" म्हणून ओल्या हाताने जॉइंट मारू नका. खरं सांगायचं तर अर्ध्या लोकांना एफएम नकोच असतो, त्यांना हेच पाहिजे असतं, पण एफएम म्हटलं की जरा मजा वाटते, मलाही वाटते.

वायर काहीही टाका, कोअॅक्स असो की स्पीकरची, शेतीच्या काळ्या एचडीपीई पाइपातून घाला. उंदीर आणि खारी उघडी केबल ठेवत नाहीत. घरापासून गोठ्यापर्यंत हवेतून ताणू नका, दीड फूट पुरा. तुमच्याकडे मे अखेरीला आणि परतीच्या पावसात विजा कशा पडतात हे मी तुम्हाला सांगायला नको, लांब वायर म्हणजे विजेला दिलेलं आमंत्रण, ढग गडगडायला लागले की डब्यातून केबल बाहेर काढून ठेवायची ही सवय घरच्या माणसाला लावा. घरात आजीच हे काम नीट लक्षात ठेवेल, आजोबा म्हणतील हा अभंग संपू दे.

तुम्ही शेवटी असंही लिहिलंय की आजोबांना विविध भारती पण पाहिजे पण तिथे नीट येत नाही. मग ट्रान्समीटरचा विचार करण्याआधी अँटेना लावून बघा ना! हवेतून घेण्याला कोणाची परवानगी लागत नाही. (एके काळी नुसता रेडिओ ऐकायलाही पोस्टातून लायसन्सचं पुस्तक काढावं लागायचं, आजोबांकडे कदाचित अजून असेल, विचारा.) 100 मेगाहर्ट्झची लहर तीन मीटरची, तिच्या निम्म्याची अँटेना म्हणजे दोन अॅल्युमिनियमच्या नळ्या प्रत्येकी 71 सेंटीमीटर, मध्ये थोडी जागा सोडून एका रेषेत प्लास्टिकच्या पाइपवर आडव्या बसवा, एका नळीला आरजी 6 ची मधली तार, दुसरीला जाळी. जुन्या टीव्ही अँटेनाच्या नळ्या माळ्यावर पडल्या असतील त्या कापून होतात. रुंद बाजू मुंबईकडे करून, म्हणजे तुमच्याकडून पश्चिम-नैर्ऋत्येला, कौलाच्या वर जितकी उंच नेता येईल तितकी. इथे उंची वॅटपेक्षा जास्त काम करते. मध्ये डोंगराची सोंड असेल तर पाच काड्यांची यागी, म्हणजे जुन्या टीव्हीसारखी एकाच दिशेला बघणारी अँटेना, लावावी लागेल, आणि तरी नाही आलं तर आकाशवाणीच्या ॲपवरून घेऊन तेच वर सांगितलेल्या डब्यात द्या. मर्फीवर मात्र दिवसा मीडियम वेव्हला अस्मिता वाहिनी 558 वर लावून बघा, मीडियम वेव्ह डोंगराला एवढी घाबरत नाही. येत नसेल तर मागच्या अँटेनाच्या भोकात दहा-बारा मीटर तार लावून आंब्यापर्यंत न्या, या सेटना आत फेराइट रॉड (आतल्या अँटेनाची काळी कांडी) नसतो, तारेशिवाय ते अर्धे बहिरेच. तीही तार विजेच्या वेळी काढायची, आणि सेट बिनट्रान्सफॉर्मरचा निघाला तर तारेलाही हात लावण्याआधी मला विचारायचं.

तर आता या शनिवारी गावी जाल तेव्हा प्लग काढून मर्फीची मागची बाजू बघा, मॉडेल नंबर, किती भोकं आहेत आणि प्रत्येकाखाली काय लिहिलंय ते वहीवर उतरवून घ्या, पुठ्ठा उघडायचा नाही. आणि घर ते गोठा किती पावलं ते मोजून सांगा, मग किती केबल आणि कुठले स्प्लिटर ते बोलू.